चिखल, मुरूम, कातळ: ड्युअल-स्पोर्ट बाईकला टायर कोणते घालावेत?

डांबर आणि कच्ची वाट दोन्हींवर चालणाऱ्या, म्हणजे ड्युअल-स्पोर्ट गाड्यांत रॉयल एनफिल्डची हिमालयन २०१६ साली आली, हीरोची एक्सपल्स २०१९ साली. डांबर सोडून कच्च्या वाटेला लागायचं तर गाडी परदेशातून आणावी लागते, हा समज या दोन गाड्यांनी मोडला. आज सह्याद्रीच्या दोन्ही अंगांच्या गावरस्त्यांवर २१ इंची पुढच्या चाकाची गाडी दिसली तर कुणी वळून बघत नाही. अशी गाडी घेतलेल्या माणसाला पहिल्या पावसाळ्यातच एक प्रश्न पडतो: कंपनीने दिलेले टायर काढून दुसरे कोणते घालू?

बहुतेक वेळा उत्तर एका आकड्यात मिळतं: ‘फिफ्टी-फिफ्टी घे.’ म्हणजे निम्मा रस्ता, निम्मा कच्चा. ८०-२० म्हणजे मुख्यतः डांबर, २०-८० म्हणजे मुख्यतः माती. आकडा ऐकायला बरा वाटतो, पण त्यामागे कोणतंही प्रमाणित मोजमाप नाही. टायर बनवणारी कंपनी आपल्या मालाला स्वतःच तो देते. एका कंपनीचा ५०-५० दुसऱ्या कंपनीच्या ७०-३० इतकाच सौम्य असू शकतो. त्याहून मोठी अडचण ‘कच्चा’ या शब्दात आहे. लडाखमधली सुटी खडी, विदर्भातली भिजलेली काळी माती आणि मावळातला शेवाळलेला कातळ हे तिन्ही ‘ऑफरोड’च, पण तिघांना लागणारे टायर एकमेकांपासून इतके वेगळे असतात की एकाला उत्तम तो दुसऱ्यावर धोक्याचा ठरतो. म्हणून टक्केवारी बाजूला ठेवून आपल्या चाकाखाली नेमकी कोणती जमीन येते, तिथून सुरुवात करू.

टायर धरतो म्हणजे काय करतो

टायर जमिनीला दोन अगदी वेगळ्या पद्धतींनी धरतो. जमीन टायरपेक्षा कडक असेल, म्हणजे डांबर, काँक्रीट किंवा खडक, तर रबर तिच्या बारीक खाचाखोचांत दबून बसतं आणि चिकटून राहतं. इथे रबर जितकं मऊ आणि जितकं जास्त जमिनीला टेकलेलं, तितकी पकड चांगली. टायरच्या नक्षीत जे रबरी ठोकळे असतात त्यांच्या मधल्या मोकळ्या जागा इथे पकडीच्या दृष्टीने वाया जातात.

जमीन टायरपेक्षा मऊ असेल, म्हणजे चिखल, वाळू किंवा भुसभुशीत माती, तर रबराच्या चिकटण्याला फारसा अर्थ उरत नाही. तिथे ठोकळे जमिनीत रुततात आणि मागची माती ढकलून गाडी पुढे नेतात. ठोकळा उंच हवा, त्याची कड धारदार हवी आणि दोन ठोकळ्यांमध्ये भरपूर अंतर हवं. म्हणजे कडक जमिनीवर जे वाया जातं, नेमकं त्याच्याच जोरावर इथे गाडी चालते.

हे किती टोकाला जातं, ते मोटोक्रॉस (मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यती) आणि ट्रायल्स या दोन खेळांच्या टायरांत दिसतं. मोटोक्रॉसचे टायर मऊ जमिनीसाठी वेगळे आणि कडक जमिनीसाठी वेगळे बनतात. मऊ मातीच्या टायरचे ठोकळे उंच, विरळ आणि रबर त्या मानाने कडक. कडक जमिनीच्या टायरचे ठोकळे बुटके, दाट आणि रबर मऊ. नवख्या माणसाला हे उलट वाटतं, पण वरच्या दोन पद्धती लक्षात ठेवल्या की कारण आपोआप कळतं. ट्रायल्समध्ये ओल्या, घराएवढ्या दगडांवर गाडी चढवतात. तिथे नॉबी, म्हणजे उंच आणि विरळ ठोकळ्यांचा टायर कुणी वापरत नाही. बुटक्या, दाट ठोकळ्यांचा अतिशय मऊ टायर असतो आणि मागच्या चाकात हवा फक्त ४-५ पीएसआय (हवेचा दाब मोजायचं एकक). दिसायला गरीब वाटणारा हा टायर ओल्या खडकाला जसा धरतो तसा कोणताही नॉबी धरत नाही.

दुकानात टायर बघताना ‘किती राकट दिसतो’ हा निकष म्हणूनच फसवा आहे. ठोकळा किती उंच, फट किती रुंद आणि रबर किती मऊ, या तीन गोष्टी सुट्या सुट्या बघायच्या. रबराचा मऊपणा अंगठ्याचं नख दाबून थोडाफार कळतो. ढोबळ पद्धत आहे, पण दोन टायर शेजारी ठेवले तर फरक जाणवतो.

आपली जमीन

महाराष्ट्रात सगळ्यात अवघड परीक्षा घेते ती काळी माती. बेसाल्ट झिजून तयार झालेल्या या मातीत चिकणमातीचं प्रमाण मोठं असतं आणि ती चिकणमाती पाणी पिऊन फुगते. उन्हाळ्यात भेगा पडलेली पाणंद काँक्रीटसारखी कडक असते, तिच्यावर कोणताही टायर चालतो. पहिल्या दोन पावसांनंतर तीच पाणंद चाकाला चिकटायला लागते. ठोकळ्यांमधल्या फटी माती भरून बुजतात आणि मिनिटभरात टायर गोटा झाल्यासारखा गुळगुळीत होतो. पुढे तीच माती टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये साचते आणि पुढचं चाक अक्षरशः जाम होतं. इथे एकच गुण कामाचा: टायरने स्वतःला साफ करणं. फटी रुंद असल्या, ठोकळे मुळाशी जाड आणि टोकाला निमुळते असले, तर चाकाच्या वेगाने माती फेकली जाते. दाट नक्षीचा ५०-५० टायर ते करू शकत नाही, कितीही महाग असला तरी. पुढचं मडगार्ड टायरला चिकटून असेल तर ते वर उचलून घेणं हा टायर बदलण्याइतकाच महत्त्वाचा उपाय आहे. आणि खरं सांगायचं तर भर जुलैत ओल्या काळ्या मातीची पाणंद टाळणं हेच उत्तम. गाडीने पाडलेल्या खोल चाकोऱ्या वाळल्यावर तशाच राहतात आणि त्या शेतकऱ्याच्या बैलगाडीला वर्षभर त्रास देतात.

मुरूम हे दुसरं टोक. घट्ट दबलेल्या थरावर बारीक खडे सैल पसरलेले असतात. इथे उंच ठोकळा रुतायला जागाच नसते, तो खड्यांवर डुलतो. मध्यम उंचीचे, बऱ्यापैकी दाट, भरपूर कडा असलेले ठोकळे मुरमावर सर्वांत खात्रीचे वाटतात. सासवड, फलटण, माण, खटाव, सांगोला या पट्ट्यात फिरणाऱ्यांच्या वाट्याला वर्षातले आठ महिने असेच रस्ते येतात. त्यांना अस्सल नॉबीची गरज नाही. चांगला ५०-५० टायर त्यांच्यासाठी तडजोड नाही, तोच योग्य टायर आहे.

मावळ, मुळशी, वेल्हे, भोर, जावळी या भागात गोष्ट गुंतागुंतीची होते, कारण एकाच वाटेवर लाल चिखल, सुटे धोंडे, वाहता ओढा आणि शेवाळलेला कातळ असं सगळं येतं. चिखलाला नॉबी हवा, कातळाला मऊ आणि दाट ठोकळे हवेत. दोन्ही एका टायरात मिळत नाही. अशा वेळी माझं मत स्पष्ट आहे: निवड चिखल बघून करावी आणि कातळाचा प्रश्न हवा कमी करून सोडवावा. गाडी अडकते ती चिखलात. कातळाचे पट्टे लहान असतात, तिथे पाय टेकत, पहिल्या गिअरमध्ये, ब्रेकला हात न लावता उतरता येतं. फक्त अगदी स्वस्त नॉबींत जे कडक, प्लॅस्टिकसारखं रबर येतं ते टाळावं. ओल्या दगडावर त्याची पकड नाहीच म्हणायची.

कोकणात आणि गोव्यात जांभा आहे. कोरडा जांभा खरखरीत असतो, कोणत्याही टायरला मदत करतो. पावसात त्यावर हिरवा थर चढला की तो कातळाहून वाईट. कोकणातल्या किंवा कासच्या बाजूच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळपठारांवर मात्र गाडी घालूच नये, मग टायर कोणताही असो. तिथली माती काही इंचांचीच असते आणि पावसाळ्यात उगवणाऱ्या वनस्पती तेवढ्याशा मातीवर तगून असतात. नॉबी टायरचा एक फेरा ती माती खरवडून नेतो. वहिवाटीची वाट सोडायची नाही, इतकं पाळलं तरी पुरे.

वाळूत नक्षीपेक्षा पसारा महत्त्वाचा. टायर जितका पसरेल तितका कमी रुतेल, म्हणजे इथे खरं काम हवा कमी करण्याचं. लडाख आणि स्पितीला जाणाऱ्यांना हुंडरच्या वाळूची भीती वाटते, पण तिथे टायरचा खरा शत्रू वेगळा आहे. धारदार सुटे दगड, तेही सामान लादलेल्या गाडीखाली आणि दिवसचे दिवस. तिथे ठोकळ्यांच्या उंचीपेक्षा टायरचा सांगाडा मजबूत असणं, बाजूची भिंत जाड असणं आणि हजारो किलोमीटर डांबर सोसण्याची ताकद असणं जास्त मोलाचं. पुण्या-मुंबईहून गाडी चालवत लेहला जाणारा माणूस बहुतांश अंतर महामार्गावर काटतो. त्याने मऊ नॉबी घातला तर मनालीपर्यंतच मागच्या टायरचे मधले ठोकळे बरेच झिजलेले असतील.

बाजारात काय असतं

ढोबळमानाने तीन थर आहेत. पहिला, रस्त्याकडे झुकलेला. पिरेली एमटी ६० किंवा हिमालयनवर कंपनीकडून येत आलेला सिएट ग्रिप एक्सएल या थरात मोडतात. ठोकळे दिसतात, पण जवळजवळ आणि बुटके. मुरूम, खडी, कोरडी माती यांवर ते पुरेसे आहेत आणि घाटातल्या ओल्या डांबरावर विश्वासाचे आहेत. दुसरा थर खरा ५०-५० चा. मिटास ई-०७ सारख्या टायरात मधल्या भागात तिरके, एकमेकांना आधार देणारे मोठे ठोकळे असतात. त्यामुळे टायर टिकतो, पण चिखलात लवकर भरतो. तिसरा थर मोकळ्या ठोकळ्यांचा. कॉन्टिनेंटल टीकेसी ८० हा त्यातला जुना, नावाजलेला नमुना. मातीत सुंदर चालतो, डांबरावर भराभर झिजतो. त्याच्याही पुढे स्पर्धेचे नॉबी आहेत, पण ते रस्त्यावर वापरण्यासाठी बनवलेलेच नसतात. महामार्गाच्या वेगात आणि तापमानात त्यांचे ठोकळे फाटून उडू शकतात. बाजूला ‘हायवेसाठी नाही’ अशा अर्थाचा इंग्रजी मजकूर असेल तर तो टायर ट्रेलरवरून शर्यतीला जाणाऱ्या गाडीचा समजावा.

परदेशी टायर पूर्वीपेक्षा कमी दिसतात आणि महाग मिळतात, त्यामागे एक धोरण आहे. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरांची आयात ‘मुक्त’ यादीतून ‘प्रतिबंधित’ यादीत टाकली, म्हणजे आयातीला परवाना लागू लागला. त्यात दुचाकीचे टायरही आले. पुढच्या काळात देशी ब्रँडनी ही पोकळी हेरून एक्सपल्स आणि हिमालयनच्या मापाचे ऑफरोड टायर आणले, आणि आज त्यांतले काही खरोखर चांगले आहेत. परदेशी नावासाठी दुप्पट पैसे मोजण्याचं कारण आता फार थोड्यांना उरलं आहे.

पुढे एक, मागे दुसरा

दोन्ही चाकांना सारखाच टायर हवा असा नियम नाही. मागचं चाक घसरलं तर गाडी आडवी होऊ पाहते, पण बहुतेक वेळा सावरते. पुढचं घसरलं तर सावरायला वेळच मिळत नाही. शिवाय इंजिनचा जोर मागच्या चाकावर येतो, त्यामुळे मागचा टायर पुढच्याच्या साधारण निम्म्या आयुष्यात संपतो. या दोन गोष्टी एकत्र केल्या की शहाणी जोडी निघते: पुढे नॉबी, मागे टिकाऊ ५०-५०. पुढची पकड मिळते, ती बराच काळ टिकते आणि मागच्या टायरवर सारखा खर्च होत नाही. उलट जोडी, म्हणजे मागे राकट आणि पुढे गुळगुळीत, दिसायला भारी वाटते म्हणून अनेक जण घालतात. ती चुकीची आहे. मागचं चाक जोरात ढकलतं आणि पुढच्याला वळता येत नाही.

रुंदीचा मोहही टाळावा. पुढचं चाक अरुंद ठेवण्यामागे कारण आहे: ते वरचा चिखल कापून खालच्या कडक थरापर्यंत पोचतं. मागे ठरलेल्यापेक्षा रुंद टायर अरुंद रिमवर चढवला तर तो दोन्ही बाजूंनी चेपला जातो, मधोमध फुगतो आणि उलट कमी जमिनीला टेकतो. उंची बदलली की आणखी हिशेब बिघडतात. १२०/८०-१८ टायरचा बाहेरचा व्यास साधारण ६४९ मिलिमीटर. त्याजागी १२०/९०-१८ घातला तर तो ६७३ होतो. म्हणजे मागून गाडी १२ मिलिमीटर उंच, गिअरिंग जवळपास चार टक्के लांब, टायर आणि स्विंगआर्म (मागचं चाक धरणारा दांडा) यांच्यामधली जागा कमी आणि एबीएसला (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेला) दोन्ही चाकांच्या वेगाचं जे प्रमाण अपेक्षित असतं तेही सरकलेलं. गाडी उंच करण्यासाठी कुणी मुद्दाम हे करतं, तो भाग वेगळा. नुसतं ‘मोठा टायर चांगला’ म्हणून करू नये.

हवा

या लेखातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर ते हे: कोणत्याही टायरची मातीतली वागणूक बदलण्याचं सर्वांत मोठं साधन हवेचा दाब आहे, आणि ते फुकट आहे. नवे टायर घेण्याआधी दाब मोजायचं साधं मीटर आणि छोटा पंप घ्या.

थोडं गणित करू. टायर जमिनीला किती टेकतो, हे ढोबळमानाने त्यावरचं वजन भागिले आतला दाब. रबराच्या कडकपणामुळे आकडा थोडा बदलतो, पण दिशा तीच राहते. समजा पुढच्या चाकावर १०० किलो भार आहे. २५ पीएसआय म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे पावणेदोन किलो, म्हणजे टायर साधारण ५७ चौरस सेंटिमीटर टेकला. दाब १८ वर आणला की तेच क्षेत्र ७९ वर जातं. तोच टायर, तीच गाडी, पण जमिनीशी संपर्क जवळपास चाळीस टक्के जास्त. शिवाय मऊ झालेला टायर दगडावरून उसळत नाही, दगडाभोवती बसतो. डगमगणारी गाडी अचानक शांत झाल्यासारखी वाटते.

किती कमी करायची? एक्सपल्ससारख्या १६० किलोच्या आसपासच्या गाडीला, ट्यूब असताना, कच्च्या वाटेवर १८ ते २० पीएसआय ही सुरक्षित सुरुवात आहे. दगड नसलेल्या निव्वळ चिखलात किंवा वाळूत हळू चालवत असाल तर १५ पर्यंत उतरता येतं. हिमालयनचं वजन २०० किलोच्या घरात, त्यावर सामान असेल तर २० च्या खाली जाताना सावध राहावं. दगडांची वाट आणि वेग दोन्ही असतील तर आणखी दोन-तीन पीएसआय जास्त ठेवावी. कारण कमी हवेत चाक दगडावर आदळलं की ट्यूब रिम आणि दगड यांच्यामध्ये चिमटली जाते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. ट्यूबलेसमध्ये रिमला पोचा पडतो, किंवा टायरची कड रिमवरून सुटून सगळी हवा एका क्षणात निघून जाते.

दुसरा धोका दिसत नाही. हवा कमी असताना जोरात ब्रेक मारला किंवा थ्रॉटल दिला की टायर रिमवर किंचित सरकतो. ट्यूब त्याच्याबरोबर सरकते, पण व्हॉल्व्ह रिमच्या भोकात अडकलेला असतो, तो मुळातून फाटतो. अशी ट्यूब पंक्चरवाल्यालाही जोडता येत नाही. हे ओळखण्याची सोपी युक्ती आहे. व्हॉल्व्हच्या दांड्यावरची नट रिमला घट्ट आवळून ठेवू नका, ती वर टोपणाशी आवळा. टायर सरकायला लागला की दांडा तिरका झालेला दिसतो आणि वेळीच कळतं. १५ च्या खाली नियमित जायचं असेल तर रिमलॉक बसवून घ्यावा. तो आतून टायरची कड रिमवर दाबून धरतो.

परत डांबरावर आलात की हवा पुन्हा भरायची, आळस न करता. कमी हवेचा टायर महामार्गावर सतत वाकत राहतो, तापतो आणि वळणावर गाडी हातात राहत नाही. रस्त्यावरचा दाब किती, ते गाडीच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत दिलेलं असतं. तो थंड टायरचा आकडा आहे, चालवून तापलेल्या टायरचा नव्हे. तापमान दहा अंशांनी बदललं तर दाब साधारण एक ते दीड पीएसआयने बदलतो. म्हणून उन्हात तापलेल्या पेट्रोल पंपावर भरलेली हवा पहाटेच्या थंडीत कमी भरते. हिमालयात याच्या उलट दुसरी गोष्टही घडते. उंचीवर बाहेरच्या हवेचा दाब घटतो, त्यामुळे मीटर जास्त आकडा दाखवतं, पण तिथली थंडी तोच आकडा खाली खेचते. मनालीहून पाच हजार मीटरच्या खिंडीपर्यंत हे दोन्ही परिणाम एकमेकांना बऱ्यापैकी खोडून काढतात. त्यामुळे खिंडीत घाबरून हवा सोडायची गरज नसते.

ट्यूब की ट्यूबलेस

तारांच्या चाकात स्पोक जिथे रिमला भेटतात तिथे भोकं असतात, म्हणून हवा धरायला ट्यूब लागते. अलीकडे काही गाड्यांवर, हिमालयन ४५० वरही पर्याय म्हणून, तारांची ट्यूबलेस चाकं मिळतात. त्यांत स्पोक रिमच्या अशा भागात बसवलेले असतात की हवेची जागा बंद राहते. डांबरावर ट्यूबलेसचा फायदा निर्विवाद आहे: खिळा काढा, रबरी पट्टी खुपसा, हवा भरा, निघा. पण आडरानात टायरची कड रिमवरून सुटली तर हातपंपाने ती परत बसवणं जवळपास अशक्य असतं. ट्यूबच्या चाकाला वेळ लागतो, पण टायर उचकटायच्या दोन लोखंडी पट्ट्या, साबणाचं पाणी आणि एक जादा ट्यूब असली की ते कुठेही दुरुस्त होतं. प्रत्येक तालुक्याच्या गावात ते काम हातखंडा करणारा कुणीतरी असतोच. जादा ट्यूब एकच न्यायची असेल तर पुढची, २१ इंची न्या. अडीअडचणीला ती मागच्या १७ किंवा १८ इंची टायरात दुमडून बसवता येते आणि गावापर्यंत पोचवते. मागची ट्यूब पुढे बसत नाही.

ट्यूबलेस टायर ट्यूबच्या रिमवर आत ट्यूब घालून चालतो. फक्त त्याच्या कडा ताठ असतात, त्यामुळे रस्त्याकडेला तो उतरवताना घाम निघतो. घरी एकदा उतरवून-चढवून बघा. जमत नसेल तर निदान घरी कळेल.

टायरच्या बाजूला काय लिहिलंय

९०/९०-२१ यातला पहिला आकडा मिलिमीटरमधली रुंदी. दुसरा म्हणजे भिंतीची उंची, रुंदीच्या टक्केवारीत: ९० चे ९० टक्के म्हणजे ८१ मिलिमीटर. तिसरा आकडा रिमचा व्यास इंचांत. पुढे ५४एस असं काहीतरी असतं. ५४ हा भाराचा क्रमांक, म्हणजे टायर पूर्ण हवेत २१२ किलो पेलतो. ६२ म्हणजे २६५ किलो. अक्षर वेगाचं: पी म्हणजे ताशी १५०, क्यू १६०, आर १७०, एस १८० किलोमीटर. नॉबी टायरांचं अक्षर बहुधा खालचं असतं, आणि आपल्या गाड्यांना त्याने काही बिघडत नाही. भाराचा क्रमांक मात्र कंपनीच्या टायरपेक्षा खाली जाऊ देऊ नका, विशेषतः मागे दुसरा माणूस किंवा सामान असेल तर.

सर्वांत आधी बघायचा तो चार आकड्यांचा शिक्का: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. ऑफरोड टायर कमी खपतात, दुकानात पडून राहतात आणि नंतर ‘ऑफर’मध्ये निघतात. चार-पाच वर्षं पडलेल्या टायरचं रबर कडक झालेलं असतं. ठोकळे नवेकोरे दिसतात, पण ओल्या दगडावर त्यांचा काही भरवसा नाही. भारतात विकायच्या टायरवर आयएसआयचा शिक्काही असायला हवा. फिरण्याच्या दिशेचा बाण बसवणाऱ्याला दाखवा आणि बसवून झाल्यावर स्वतः तपासा. काही टायरांवर पुढे बसवायची दिशा आणि मागे बसवायची दिशा वेगळी दिलेली असते.

नव्या टायरवर शंभर-दीडशे किलोमीटर हात सैल ठेवा. साच्यातून आलेला गुळगुळीत थर निघेपर्यंत पकड पूर्ण नसते. आणि नॉबी घातला असेल तर घाटातल्या ओल्या डांबरावर ब्रेक लवकर धरायची सवय करून घ्या. टेकणारं रबर कमी असतं, ठोकळे ब्रेकखाली वाकतात, थांबायला अंतर जास्त लागतं. ताम्हिणी किंवा वरंधा पावसात उतरताना हे विसरून चालत नाही.

दोन जोड

इतकं सगळं वाचून एकाच टायरवर मन ठरत नसेल तर त्याला कारण आहे: आपल्याकडे वर्षाचे चार महिने एक जमीन असते आणि आठ महिने दुसरी. म्हणून जे नियमित फिरतात त्यांना मी दोन जोड ठेवायला सांगतो. जून ते सप्टेंबर मोकळ्या ठोकळ्यांचा, बाकी वर्ष ५०-५०. पैसे एकदम जास्त जातात, पण प्रत्येक जोड वर्षातला काहीच काळ झिजतो, त्यामुळे दोन-तीन वर्षांचा हिशेब जवळपास तिथेच येतो. चढवणं-उतरवणं स्वतःला येत असेल तर मजुरीही वाचते.

मागच्या नॉबीचे ठोकळे निम्मे झिजले की चिखलाच्या दृष्टीने त्याचं काम संपलेलं असतं. कारण उंचीइतकीच त्यांची धारदार कडही गेलेली असते. असा टायर फेकू नका, कोरड्या महिन्यांत रोजच्या ये-जा करायला वापरून संपवा. काढून ठेवलेला जोड उन्हापासून, आणि विजेची मोटर चालते त्या खोलीपासून दूर ठेवावा. तिथे तयार होणारा ओझोन रबराला बारीक भेगा पाडतो. टायर काढतानाच बाणाच्या दिशेला खडूने पुढचा-मागचा आणि तारीख लिहून ठेवली की जूनमध्ये शोधाशोध होत नाही.